साठ इंचांचा टेप

माझ्या शिवणकामाच्या जुन्या वहीत एक पान असं आहे की त्यावर नाव नाही, कापडाचा रंग नाही, गळा गोल की चौकोनी तेही नाही. नुसती छातीची मापं आहेत, एकाखाली एक. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, साडेशेहेचाळीस, अशी वाढत गेलेली. एकदा ब्लाउज टाकायला आलेल्या बाईनं वही चाळता चाळता ते पान पाहिलं आणि डोळे मोठे करून विचारलं, "अगं बया, ही कोण? हिचं तर दर महिन्याला उसवावं लागत असंल!"

मी म्हटलं, "आमच्या गोठ्यातली हाय. पण एकदा घट्ट झालं म्हणून तक्रार नाय तिची."

ती बाई हसत सुटली, पण मी ते पान कधी फाडलं नाही. पुढं पुष्कळ ब्लाउज शिवले, लग्नाचे शिवले, कुणाचं कौतुकही झालं. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम त्या पानावर आहे, असं मी आजही छाती पुढं काढून सांगते.

माझं सासर सिन्नरच्या अलीकडच्या एका कोरडवाहू गावात. नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा, घरची शेती आणि जनावरं सासरे बघायचे. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. मी पडवीत मशीन टाकून शिवणकाम करायची. माहेर मात्र इगतपुरीकडचं, भाताचं, जिथं पाऊस लागला की महिनाभर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. माझी मुलगी तिथंच झाली, नव्वदीच्या सुरुवातीला. आमच्याकडे लेक बाळंतपण उरकून सासरी निघाली की ज्याची ऐपत आहे तो बाप नातवंडाच्या दुधासाठी तिच्याबरोबर गाय नाहीतर कालवड देतो. माझ्या वडिलांची ऐपत नव्हती, तरी त्यांनी दिली. घरच्या डांगी गाईला दवाखान्यातून संकरित रेतन करून घेतलं होतं, तिची सहा महिन्यांची कालवड. टेम्पोत ती माझ्याजवळ उभी, मांडीवर तान्हं मूल, आणि वडील सबंध रस्ता तिच्या पाठीवर हात ठेवून. मला वाटत होतं की मी राणी आहे.

पण राणीचा तोरा चार महिन्यांत उतरला. कालवड वाढेना. बाजरीचं वाळलं सरमाड खायची, पाणी प्यायची, आणि उरलेल्या वेळात माती खायची. भिंतीचा चुना चाटायची. एकदा दावणीशी विसरलेली माझ्या नवऱ्याची चप्पल तिनं अशी चघळली की तो दुसऱ्या दिवशी आबांच्या वहाणा घालून कंपनीत गेला. पोट माठासारखं सुटलं, बरगड्या लांबून मोजाव्यात अशा, आणि अंगावरचे केस राठ, उभे. वर्ष उलटलं तरी ती जवळजवळ होती तेवढीच.

आबा तसे वाईट नव्हते, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. पडवीत कुणी पाहुणा टेकला आणि त्याची नजर गोठ्याकडं गेली, की हे लगेच सांगणार, "सुनेच्या माहेरची हाय." एवढंच. पुढं काही नाही. पाहुणा कालवडीकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा, आणि दोघींची कीव करायचा. मी मशीनवर जोरजोरात पाय मारायची. शिव्या देता येत नसल्या की मशीन फार उपयोगी पडतं.

मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडील मला माहेरी न्यायला आले. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी जातात. वडील आधी गोठ्यात गेले. कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला, तिची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि खाली बघत पडवीत येऊन बसले. आबा म्हणाले, "व्याही, पावसातलं जनावर हाय, आमच्या मातीत तग धरंना. आता घोटीच्या बाजारात नेतो. जे काय येईल ते."

मी चहा दिला, तो त्यांनी अर्धा ठेवला. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणाले, गाडी चुकंल. तीन भाकरी मोडून चौथीकडं बघणारा माणूस तो. वाटेत एसटीत एवढंच म्हणाले, "खोड बघून नव्हती दिली गं. माझ्या गोठ्यातली सगळ्यात चांगली होती ती." ते ऐकून मला कालवडीचा नाही, आबांचाही नाही, स्वतःचा राग आला. दीड वर्ष मी नुसती मशीन बडवत बसले होते.

माहेराहून परत आल्या आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आत, मी आबांना म्हटलं, "मला एक वर्ष द्या. पुढच्या आखाजीला बाबा येतील तेव्हा ती वाढलेली नसली तर तुम्ही न्या बाजारात. मी तोंडातून शब्द काढणार नाय."

"वर्षानं काय व्हणार? वर्षभर माती खाईल."

"खाऊ द्या. माती तुमच्या वावरातली, कालवड माझ्या बापाची."

ते हसले. हट्टी माणसाला दुसऱ्याचा हट्ट आवडतो. म्हणाले, "आखाजी ते आखाजी. नंतर एक दिवस नाय."

त्याच आठवड्यात जनावरांना लस टोचायला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गावात आले. तरुण होते, फटफटीवरून यायचे आणि गाईशी बोलल्यासारखं माणसांशी बोलायचे, म्हणजे हळू आणि प्रेमानं. मी गळ्यात टेप अडकवलेला तशीच धावत गेले आणि त्यांना धरून आणलं. त्यांनी कालवडीच्या हिरड्या पाहिल्या, शेण काडीनं उकरून पाहिलं, भिंतीवरचा चाटलेला चुना पाहिला.

"वहिनी, हिच्या पोटात जंत आहेत आणि हाडांत जोर नाही. ती माती खाते ते खोड नाही, मागणं आहे. तुमच्या माहेरी पाऊस मातीतले क्षार धुऊन नेतो, भाताच्या पेंढ्यात काही उरत नाही. हिची आई तेच खात होती, त्यावरच ही झाली. इथं आल्यावर नुसतं सरमाड. मग चपलाच खाणार."

आधी जंताचं औषध. मग रोज सकाळच्या भुशात दोन सपाट चमचे क्षार मिश्रणाची पावडर. जमेल तेवढा हिरवा चारा, आणि पाणी मागेल तेव्हा. "आणि एक लक्षात ठेवा, खाणं बदलायचं तर आठ दिवसांत हळूहळू. गाईच्या पोटात लाखो जीव राबत असतात, चारा तेच पचवतात. त्यांना एकदम नवीन काम दिलं की ते मरतात." हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि पुढं सोयीस्कर विसरले. ते येईलच.

मी विचारलं, वाढते की नाही कळायचं कसं? वजनकाटा कुठं आहे? डॉक्टरांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं. "हा टेप किती इंचांचा?"

"साठ."

"मग झालं की. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती घ्या. महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. ज्या दिवशी हा टेप पुरणार नाही, त्या दिवशी कालवड भरवायजोगी, गाभण राहण्याइतकी झाली समजा."

पहिलं माप चव्वेचाळीस. मी ते शिवणाच्याच वहीत लिहिलं, कारण दुसरी वही नव्हती. आबा खुंट्याशी उभे राहून म्हणाले, "आता हिला परकर-पोलकं पण शिव."

पावडर राखाडी रंगाची होती आणि तिला खडूसारखा वास यायचा. कालवड चुना चाटेल, चप्पल खाईल, पण पावडर म्हटलं की नाक वर. फुर्रकन फुंकर मारून निम्मी माझ्याच तोंडावर उडवायची. मग मी भुशात गुळाचं पाणी शिंपडायला लागले. आबांना ते बघवेना. "जनावरानं गवत खावं. पावडरीवर वाढलेलं जनावर म्हणजे हवा भरलेली ट्यूब. सुई लागली की फुस्स."

"आणि तुम्ही चाऱ्यावर मिठाचं पाणी मारता ते?"

"ते मीठ हाय."

"हे पण मीठच हाय. फक्त दहा जातीचं."

त्यावर त्यांनी बैलांकडं तोंड फिरवलं. पहिल्या महिन्यात पंचेचाळीस भरले. ते म्हणाले, टेप ढिला धरला. दुसऱ्या महिन्यात भिंत चाटणं थांबलं आणि शेण बांधून यायला लागलं. तिसऱ्या महिन्यात राठ केस गळून नवे मऊ केस आले. श्रावणात हिरवा चारा मिळाला आणि ती दुपारी पोटभर खाऊन बसायची, रवंथ करायची. खिडकीतून तो आवाज यायचा. मशीन थांबवून मी तो ऐकत बसायची, आणि खरं सांगते, गाणं ऐकल्यावर मला कधी एवढं बरं वाटलं नाही. दसऱ्याला बावन्न भरले. गावभर झालं, त्या शिवणवालीच्या कालवडीची छाती बावन्न. बाया माप द्यायला आल्या की आधी गोठ्यात डोकवायच्या. माझी मान अशी ताठ झाली की टोपलं डोक्यावर न धरता ठेवलं असतं.

आणि मग वसुबारस आली.

वसुबारसेला वासरासकट गाय पुजतात. आमच्या गल्लीत वासराची गाय फक्त आमच्याकडं होती, म्हणून संध्याकाळी सगळ्या बायका ताटं घेऊन आमच्या गोठ्यात. पण ती गाय होती मारकी. वासराजवळ कुणी गेलं की शिंग हलवायची. बायकांनी लांबूनच हळदकुंकू उधळलं, हात जोडले, आणि नैवेद्य शेजारी बांधलेल्या गरीब कालवडीला दिला. कुणाची पुरणपोळी, कुणाची बाजरीची भाकरी आणि गूळ, कुणाची भिजवलेली हरभऱ्याची डाळ. "हीच का गं ती पावडरवाली? खा बाई, खा." ती खात गेली. आणि मी काय करत होते? मी शेजारी उभी राहून बावन्न इंच सांगत होते. थांबवायला हवं होतं, पण कौतुकाला कोण थांबवतं? शेवटी मीही माझ्या हातची एक पोळी दिली.

सकाळी कालवड खाली मान घालून उभी. कान पडलेले, डावी कूस पाण्याच्या पखालीसारखी डचमळणारी, रवंथ बंद. शेण पातळ, आणि त्याला आंबूस वास. आबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "भोवली पावडर." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. पण गल्ली तेच बोलायला लागली. काल पोळ्या घालणाऱ्याच बाया आज सांगत होत्या, बघा, औषधं घालून घालून जनावर नासवलं.

नवऱ्यानं पहिल्या पाळीला जाताना दवाखान्यात निरोप ठेवला. डॉक्टर दुपारच्या आत आले. शेणाचा वास घेतला आणि विचारलं, "काल सण होता. काय काय घातलं?"

गोठ्याच्या दारात बायका उभ्याच होत्या. एक म्हणाली, "मी एकच पोळी दिली." दुसरी म्हणाली, "मी पण एकच." "माझी अर्धीच भाकर." अशी एकेक एक करत सगळी गल्ली संपली. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "माझी पण एकच."

ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, "पावडरीनं नाही, प्रेमानं झालंय. एवढं गोड आणि धान्य एकदम गेलं, पोटात आंबलं. अति तिथं माती." मग त्यांनी घरात खाण्याचा सोडा आहे का विचारलं. भज्यांत घालतो तोच. पाण्यात विरघळवून बांबूच्या नळीनं बेताबेतानं पाजला. आबांनी तिचं तोंड धरलं होतं. ठसका लागू नये म्हणून मान किती उचलायची हे त्यांच्या हाताला कुणी शिकवावं लागलं नाही.

दोन दिवसांत कूस उतरली, पण रवंथ काही सुरू होईना. कोवळं गवत पुढं टाकलं तर हुंगून तोंड फिरवायची. मी टेप लावला तर एक्कावन्न. महिन्याभराची मेहनत एका संध्याकाळी गेली होती. डॉक्टर पुन्हा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आंबटपणा गेलाय. पण आतले राबणारे मेलेत. ते परत वाढेपर्यंत धीर धरा." धीर हा माझा प्रांत नाही. मी गोठ्यातल्या दगडावर बसून रडले, मोठ्यानं, कुणाची लाज न धरता. बापाचा अर्धा चहा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आबा आले. माझ्याकडं न बघता त्यांनी आपल्या थोरल्या बैलाकडं पाहिलं. तो बसून रवंथ करत होता. आबा त्याच्याशेजारी उकिडवे बसले, मान खाजवली, आणि घास वर येताक्षणी जबड्याच्या कडेनं दोन बोटं घालून तो अख्खा घास अलगद काढून घेतला. तसाच गरम, हिरवागार. उठून कालवडीचं तोंड उघडलं आणि तो तिच्या जिभेच्या मुळाशी ठेवला.

"आमचा बा असंच करायचा," म्हणाले. "का ते इचारू नको. मला माहीत नाय."

दिवसातून तीनदा त्यांनी हे केलं. बैल बिचारा चकित होऊन रिकामं तोंड हलवायचा. दुसऱ्या दिवशी चार वाजता कालवड बसली, तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि ती चावायला लागली. मी आबांना हाक मारली. ते आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले, आणि त्यांनी डोळे पुसले ते मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आबा, त्या घासात जिवंत राबणारे होते. तुमची पावडर सगळ्यात भारी!"

झालं. त्या दिवसापासून आबांचं एकच पालुपद, कालवड माझ्या बैलाच्या घासानं वाचली. मी म्हणायची, दोन चमच्यांनी वाढली. आमचं हे भांडण ते असेपर्यंत चाललं, आणि ते भांडण मला फार आवडायचं. पावडर मात्र दुसऱ्या सकाळपासून तेच घालायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "तुला सपाट चमचा भरता येत नाय. शीग भरतीस."

पुढं, दोन हजारनंतर, गावात घरोघर संकरित गाई आल्या आणि दुकानात नाना तऱ्हेच्या पुड्या. दूध वाढवणाऱ्या, पचन वाढवणाऱ्या, चरबीच्या, यीस्टच्या. बायका पुडी घेऊन आधी माझ्याकडं यायच्या. डॉक्टर बदलून गेले, नवे आले, त्यांनीही मला शिबिरात उभं केलं. पहिल्यांदा माईक बळेच हातात द्यावा लागला, नंतर तो काढून घ्यावा लागला. मी सांगायची की पुडी ही भाजीतलं मीठ आहे. आधी भाजी हवी. चारा नाही, पाणी नाही, पोटात जंत, आणि वरून पुडी, तर ती पुडी काय कपाळ करणार? आणि वसुबारसेला एका घासाच्या वर नैवेद्य नाही. आमच्या गल्लीत तो नियम आबांनीच घातला, पुढच्याच वर्षापासून. टोपली घेऊन दारात बसायचे आणि नखाएवढा तुकडा ठेवून बाकीचं परत करायचे.

पण मी पुढं पळाले. आखाजी राहिलीच.

संक्रांतीला चोपन्न, होळीला साडेसत्तावन्न. आखाजीच्या आधी पंधरा दिवस साडेएकोणसाठ. त्यानंतर मी टेप लावलाच नाही. धाडस होईना. आबाही सकाळी चारा टाकताना कालवडीभोवती दोनदा फिरायचे.

आखाजीला वडील दहाच्या एसटीनं आले. हातात रायवळ आंब्यांची पिशवी होती. ती खाली ठेवून ते पडवीतच टेकले, गोठ्याकडं पाठ करून. आबा आतून ओरडले, "सूनबाई, टेप आण. व्याही, चला."

वडील उठले. गोठ्यात शिरल्यावर ते बांधलेल्या सगळ्या जनावरांवरून नजर फिरवत राहिले, आणि मला कळलं की ते तिला शोधत आहेत. ती समोरच उभी होती. काळी तांबूस, अंग तेल लावल्यासारखं.

"मोजा," आबा म्हणाले. वडिलांनी टेपाचं एक टोक धरलं, दुसरं तिच्या छातीखालून पलीकडं दिलं. आबांनी ते धरून पाठीवर आणलं. दोन म्हातारे, दोन बाजूंना, आणि मध्ये कालवड. टोकं एकमेकांना लागेनात. मध्ये बोटभर जागा उरली होती. वडिलांना वाटलं आपलंच काही चुकलं, ते ओढायला लागले.

"ओढू नका, बाबा," मी म्हटलं. "टेप संपलाय."

त्यांना लगेच समजलं नाही. आबांनी समजावलं, अगदी डॉक्टरांच्या थाटात, आणि बैलाच्या घासाची गोष्ट पावडरीच्या आधी सांगितली. तेवढ्यात आखाजीचा म्हणून आबांचा एक सोबती आला आणि दारातून म्हणाला, "अरं वा, ही कुणाची?"

"सुनेच्या माहेरची हाय," आबा म्हणाले. तेच शब्द. मग माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे व्याही. यांच्या घरची."

जेवायला पुरणपोळी आणि आमरस होता. वडील पाटावर बसले, एसटी किती वाजता आहे हे त्यांनी विचारलं नाही. दुसरी पोळी झाल्यावर वाटी पुढं करून म्हणाले, "अजून थोडा रस वाढ गं." मी वाढत गेले आणि सवयीनं मोजत गेले. चार पोळ्या खाल्ल्या त्यांनी.